देवानंदची रेघ

"हात नका लावू," अजमत म्हणाला, आणि माझा हात नॉबपासून चार बोटांवर तसाच राहिला. तो रागानं म्हणाला नाही. उलट फार अदबीनं, आधी "देवानंदभाई" लावून म्हणाला, मी वयानं दहा वर्षांनी मोठा म्हणून. पण सात वर्षांत मला त्या नॉबपाशी कुणी अडवलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीला माणूस केवढा दचकतो, याचं माझं मलाच हसू आलं. हात मागे घ्यायचा तर ठेवायचा कुठं ते कळेना. खिशात घातला तर उर्मटपणा दिसेल, पाठीमागं बांधला तर शाळेत उभा केल्यासारखं. शेवटी तो दुसऱ्या हातात धरला आणि स्टुलावर बसलो. समोर माझा हिरवा कंट्रोलर, त्याच्या तोंडावर दिवसभरात एक फेरी घेणारी गोल कागदाची तबकडी, तबकडीवर जांभळ्या शाईचं पेन, आणि या सगळ्याच्या डोक्यावर अजमतनं हैदराबादेहून आणलेली करड्या पत्र्याची पेटी. पेटीला दोन दिवे. लाल लागला की वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, हिरवा लागला की पूर्ण मिटायचा. मधलं काही नाही. "चार घंटे," अजमत म्हणाला, "चार घंटे तिला खेळू द्या. भट्टीचा सोभाव आपला आपण शिकून घेती, अन् तिन्ही नॉब कुठं ठिवायचे ते सोताच ठरविती. आपल्याला फक्त बसायचंय."

बसणं मला जमत नाही. आमचा कारखाना बियाण्याचा, नवीन जालन्यात स्टेशनच्या अंगाला. शेतकऱ्यांच्या रानातून संकरित ज्वारीचं बी ओलसर येतं, ते पत्र्याच्या उंच कोठ्यांत भरायचं आणि खालून वाफेवर तापवलेली हवा सोडून वाळवायचं, एवढाच मामला. हवा त्रेचाळीस अंशांवर ठेवायची. त्याच्या खाली बी वाळायला वेळ लागतो, त्याच्या फार वर गेली तर बी मरतं. मेलेलं बी दिसायला जिवंत बियासारखंच असतं, तितकंच टपोरं, तितकंच पांढरं, त्यामुळे कारखान्यात कुणाला काही कळत नाही, रानात गेल्यावरच कळतं. ते त्रेचाळीस सांभाळणारा मी. औरंगाबादला आयटीआय करून आलो तेव्हा या कामाची मला भीती वाटायची, मग सवय झाली, मग गर्व झाला. सकाळी अजमतनं मला तीन नॉब समजावून सांगितले, जणू मी ते कधी पाहिलेच नव्हते. पहिला आत्ता किती चुकलंय ते बघतो, दुसरा मागं किती वेळ चुकत आलंय ते धरून बसतो, तिसरा पुढं कुठं जाणार याचा अंदाज घेतो. मी मान डोलावली. मनात म्हटलं, माझ्यात बहुतेक दुसराच जास्त फिरवून ठेवलाय. अजमत जुन्या जालन्यातल्या फकरोद्दीन घड्याळजींचा मुलगा. बापानं आयुष्यभर लोकांची घड्याळं कानाला लावून दुरुस्त केली, आणि पोरानं कान लावायची गरजच पडू नये अशी पेटी केली. ती पहिल्यांदा खऱ्या कारखान्यात लागत होती. त्याचे डोळे सारखे पेनावर होते. मला तो आवडला होता, हीच अडचण होती.

लाल, हिरवा, लाल, हिरवा. चाचणीसाठी कोठीत नुसती खायची जुनी ज्वारी भरली होती, म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. पेन हळूहळू वर चढायचं, थांबायचं, हळूहळू उतरायचं. माझ्या तबकडीवर लाट उमटत होती. लाट पाहून मला अंगावरचं पांघरूण कुणी ओढल्यासारखं झालं. चौऱ्याहत्तर सालापर्यंत तिथं रोज लाटा असायच्या. बॉयलरवाला कोळसा टाकी, वाफ उसळी घेई, पेन वर जाई. मी नॉब फिरवी, पेन खाली कोसळे. मी घाबरून उलटा फिरवी, पेन पुन्हा वर. मॅनेजर बद्रीनाथजी रोज सकाळी पूजा आटोपून, कपाळावरचं गंध ओलं असतानाच, आदल्या दिवसाची तबकडी मागवायचे. बी पाहायचे नाहीत, तबकडी पाहायचे. जिथं लाट दिसेल तिथं लाल पेन्सिलीनं गोल करायचे आणि काही न बोलता कागद माझ्याकडे सरकवायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या लाल गोलांनी मला स्वप्नातसुद्धा धरलं. एक दिवस मी शिडी लावून वर गेलो, गरम हवेच्या पत्र्याच्या बोगद्यातला तांब्याचा बल्ब बाहेर काढला, ज्याच्यामुळे पेनाला हवेचा ताप कळतो तो, आणि हात पुसायला खिशात असलेली चिंधी त्याच्याभोवती गच्च चार वेढे गुंडाळून तो परत आत सारला. चिंधी आईच्या जुन्या लुगड्याची होती. आमच्या लहानपणी ताप आला की केशरबाई, म्हणजे आमची आई, असल्याच चिंधीची पट्टी कपाळावर ठेवायची. हे मला तेव्हा आठवलं की आत्ता स्टुलावर बसून सुचतंय, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तबकडीवर रेघ होती, कुठंही न हलणारी. हवा तशीच उसळत होती, बल्बला फक्त कळत नव्हती. बद्रीनाथजींनी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. आठवडाभरानं त्यांनी एक तबकडी काचेच्या चौकटीत घालून ऑफिसात टांगली. पाहुणे आले की दाखवायचे, "ही देवानंदची रेघ." माझं नाव त्या भिंतीवर गेलं. आमच्या घराण्यातलं भिंतीवर गेलेलं पहिलं नाव.

"भट्टी लै सुस्त हाये तुमची," अजमत म्हणाला. त्यानं लाटेच्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीनं मोजलं होतं, हातात थांबघड्याळ होतं, बापाच्या दुकानातलं असावं. "एवढ्याशा बोगद्यातली हवा तापायला एवढा वखत न्हाई लागायला पाह्यजे. अन् लाट बी किती बारकी हाये."

"हवा दमट हाये सध्या," मी म्हणालो.

"दमट हवेनं इतका फरक?"

"मी काय शिकलेला माणूस हाये का साहेब? दिसतंय ते सांगून राह्यलो."

तो हसला आणि वहीत काहीतरी लिहिलं. पेटीला मात्र संशय घेता येत नव्हता. बल्ब सांगेल तेच तिच्यासाठी खरं. बल्बच्या कपाळावर चिंधी आहे हे तिला कोण सांगणार? भट्टी सुस्त आहे आणि लाटा बारीक आहेत असं ती शिकणार, म्हणजे अशा भट्टीला जोरात हाकलायला हरकत नाही असं ठरवणार, आणि मग खाली हवा कितीही उसळली तरी वर रेघ सरळ. माझी चूक आता माझी राहणार नव्हती. ती पेटीत जाऊन बसणार होती, दोन दिव्यांच्या मागं, आणि तिथं ती कुणी शोधायलाही जाणार नव्हतं. याचं मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग वाटूर आठवलं.

वाटूरला माझा भाऊ सर्जेराव असतो. त्याची मूठ गावात प्रसिद्ध होती. पेरताना पाभरीवर, म्हणजे बैल ओढतात त्या पेरणीच्या अवजारावर, चाडं असतं, लाकडी वाटीसारखं, आणि बैलांच्या मागं चालत चालत त्यात मुठीतून बी सोडायचं असतं, ते नळ्यांतून तासात, म्हणजे फणानं काढलेल्या चरीत, पडतं. मूठ ढिली पडली की रोपांची दाटी, आवळली की रान विरळ. सगळं त्या मुठीवर. सर्जेरावनं पेरलेल्या रानात तासांकडं आडवं पाहिलं तरी रोपं एका अंतरानं उभी दिसायची. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं गावकीची कामं सोडली, देव सोडले, पण पेरणीला सर्जेरावला बोलावणं यायचंच. ज्या घरांत आम्हाला पाणी वरून ओतायचे, त्या घरांचं बी त्याच्या मुठीतून जमिनीत जायचं. तो या गोष्टीवर कधी बोलला नाही. पण पेरणीच्या दिवसांत तो वेगळा चालायचा, मान ताठ, उजवा हात अंगापासून जरा दूर, जसं नवीन कपडे घातल्यावर माणूस चालतो. शहाहत्तरच्या पेरणीला मी कारखान्यातून बियाण्याच्या चार पिशव्या एसटीच्या टपावर टाकून नेल्या. दोन त्याला, दोन अप्परावांना, ज्यांचं रान तोच पेरायचा. मोठ्या तोऱ्यात नेल्या. माझ्या हातानं वाळवलेलं बी माझ्या भावाच्या मुठीत, असं काहीतरी मनात होतं. आठव्या दिवशी निरोप आला. मी गेलो तेव्हा सर्जेराव रानात उकिडवा बसला होता. तासंच्या तासं कोरी होती. मधेच चार रोपं, मग वीतभर काही नाही, मग दोन रोपं. त्यानं बोटानं माती उकरून एक दाणा काढला, तळहातावर घेतला. "बी तर चांगलं हाये. टपोरं हाये बघ. मंग खोल पडलं का रे देवा? का मूठच चुकली?"

मी म्हणालो, "चुकली असंल दादा. एखाद्या साली होतं."

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. पुढं अडीच वर्षं ते वाक्य कोणत्या ना कोणत्या वेळी माझ्याजवळ येऊन बसायचं, जेवताना, दाढी करताना, पगाराच्या रांगेत. त्या दिवशी जालन्याला परत आल्यावर मी सरळ बोगद्यापाशी गेलो आणि पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा तापला, निवला, पुन्हा तापला, हात ठेववेना इतका. वर पेन शांत. बियाण्याचा नमुना उगवून बघतात तो कोठीच्या वरच्या थरातून काढतात, आणि भाजतो तो खालचा थर. म्हणजे मला कळलं होतं. चिंधी काढायला एक मिनिट लागलं असतं, पण काढली असती तर दुसऱ्या दिवशी तबकडीवर लाटा आल्या असत्या, आणि बद्रीनाथजींनी भिंतीकडं पाहून विचारलं असतं, काल काय झालं? मी चिंधी काढली नाही. गुपचूप त्रेचाळीसचे एकोणचाळीस करून ठेवले. बद्रीनाथजी रेघ सरळ आहे का तेवढंच बघायचे, ती कितीवर आहे ते नाही. मग हवा उसळली तरी बी मरेपर्यंत जात नव्हती. मला वाटलं, मिटलं. तिकडं वाटूरला पुढच्या वर्षी अप्परावांनी मुठीला दुसरा माणूस आणला. हळूहळू बाकीच्यांनीही. "हात गेला सर्जेरावाचा," असं लोक म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाचे डोळे गेले म्हणावं तसं, सहज. आणि त्यानं ते मानलं. आपल्या रानातसुद्धा चाड्यावर वहिनीला उभं करून तो नुसते बैल हाकायला लागला. मी सणावाराला जायचो, तो माझ्या कारखान्याची चौकशी करायचा, माझ्या रेघेचं ऐकून खूश व्हायचा. एवढं निर्मळ खूश होणारा माणूस समोर असला की खोटं बोलणाऱ्याची फार गैरसोय होते.

एकोणचाळीसवर बी वाळायला दुप्पट वेळ लागतो. यंदा दिवाळीनंतर माल तुंबला, पोत्यांच्या थप्प्या फाटकापर्यंत आल्या, बद्रीनाथजींना कुणीतरी अजमतचं नाव सांगितलं. आणि आज सकाळी अजमतनं कंट्रोलरकडं पाहून पहिलं वाक्य म्हटलं होतं, "एकोणचाळीस का? त्रेचाळीसवर घ्या." मी घेतलं होतं.

दोन वाजता पेटीचे दोन्ही दिवे एकदम विझले. अजमत उभा राहिला, श्वास धरून. आत काहीतरी कुरकुरलं, त्यानं जोडलेल्या तीन बारक्या मोटारींनी तिन्ही नॉब आपोआप फिरवले, एक जरा जास्त, दोन जरा कमी, आणि पेन त्रेचाळीसवर येऊन थांबलं. रेघ ओढू लागलं. इतकी सरळ रेघ मलाही कधी जमली नव्हती. "वा," अजमत इतक्या हळू म्हणाला की ते माझ्यासाठी नव्हतं. बद्रीनाथजी आले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, अजमतच्या पाठीवर थाप दिली, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "देवानंद, तुझ्याहून सवाई निघाली रे ही! आता काय, तुला आराम. ती ज्वारी काढ बाहेर अन् धावड्याचा माल भर कोठीत. रात्रीतून वाळून गेला पाहिजे. बराबर त्रेचाळीस."

धावडा गावच्या शेतकऱ्यांचा माल म्हणजे दीडशे पोती. दीडशे पोत्यांत किती रानं, किती मुठी, याचा हिशेब मी केला नाही. मला फक्त एक उकिडवा बसलेला माणूस दिसला, तळहातावर दाणा घेऊन स्वतःला दोष देणारा, आणि मग तसे पुष्कळ. मी शिडी लावली. "काय करून राह्यले देवानंदभाई? हात नका लावू आता बिलकुल," अजमत खालून म्हणाला. मी बल्ब बाहेर काढला. चिंधी कडक झाली होती, तपकिरी, तिचा मूळचा हिरवा रंग फक्त आतल्या वेढ्यात शिल्लक होता. ती सुटता सुटेना, शेवटी दातांनी गाठ तोडली आणि बल्ब उघडा आत सारला.

खाली पेन उडालं. एकदम सत्तेचाळीस, मग बॉयलरवाल्यानं दार उघडलं असावं, एकावन्न, मग अडतीस, मग पुन्हा वर. जांभळी शाई कागदावर ठिपके टाकत राहिली. अजमत धावत पेटीपाशी गेला, तार हलवली, माझ्याकडं पाहिलं, आणि मग माझ्या हातातल्या चिंधीकडं. हुशार पोरगा. त्याला विचारावं लागलं नाही.

"कव्हापासून?"

"चार सालं झाले."

"म्हणून सुस्त," तो म्हणाला. रागावला नव्हता, त्याला बिचाऱ्याला आधी आपल्या पेटीचं बरं वाटलं असावं. "म्हंजे ती बराबर शिकली, फक्त..." आणि त्यानं वहीत लिहिलेलं खोडलं.

बद्रीनाथजींना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "अन् ती चौकटीतली रेघ?"

"ती पण."

"बी?"

"शहाहत्तरला खालच्या थरातलं मेलं साहेब. माझ्या भावाच्या रानात उगवलं न्हाई. आणखी कुणाकुणाच्या उगवलं नसंल ते मला ठाऊक न्हाई. तव्हापासून एकोणचाळीसवर चालवून राह्यलो."

त्यांनी उसळणाऱ्या पेनाकडं पाहिलं. त्या साली तक्रारी आल्या होत्या. बी खोल पेरलं, ओल कमी होती, अशी उत्तरं गेली होती, आणि ती त्यांच्याच सहीनं गेली होती. मग म्हणाले, "सोमवारी येऊ नको असं मी म्हणत नाही. ये असंबी म्हणत नाही." ऑफिसात जाऊन त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून चौकट काढली. भिंतीवर तिच्या जागी चुन्याचा स्वच्छ चौकोन राहिला. अजमतनं पेटीचं बटण पुन्हा दाबलं. "चार घंटे," तो कुणालाच न बघता म्हणाला. मी थांबलो. सहा वाजून गेल्यावर दिवे विझले, आणि पेन जी रेघ ओढू लागलं ती बारीक थरथरत होती, बॉयलरचं दार उघडलं की जरा वर, मग आपली आपण खाली. त्रेचाळीसच्या आसपासच. लाल पेन्सिलीनं गोल करावेत अशी. अजमतला ती पहिल्या रेघेपेक्षा जास्त आवडली असावी, तो निघताना तबकडी सोबत घेऊन गेला.

रविवारी मी वाटूरला गेलो. फाट्यावरून घरापर्यंत चालताना वाक्यं जुळवत होतो, त्यातलं एकही पुढं उपयोगी पडलं नाही. सर्जेराव अंगणात दोर वळत बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं, चिंधी, बल्ब, खालचा थर, सगळं. त्याचे हात आधी चालत होते, मग थांबले. झुंबरवहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

"तव्हा तुला ठाऊक व्हतं?" सर्जेरावनं विचारलं. "मी दाणा दावला तव्हा?"

"त्याच दिवशी जालन्याला जाऊन कळलं."

"अन् मंग तू आलाच न्हाईस सांगायला."

"न्हाई."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर मी कृतज्ञ झालो असतो. त्यानं दोराच्या टोकाला गाठ मारली. मग म्हणाला, "म्हंजे मूठ चुकली नव्हती," आणि वहिनीकडं न बघताच, "सुपात ज्वारी आण."

वहिनीनं सूप आणलं. त्यानं उजव्या हातात मूठ भरली आणि झाडलेल्या अंगणातून चालायला लागला. पुढं बैल नाहीत, पाभर नाही, पण चाल तीच, हात अंगापासून जरा दूर. मुठीतून दाणे पडत गेले. चार पावलं एकसारखे पडले, मी स्वतः पाहिले, एका अंतरानं, कुणी मोजून ठेवावेत तसे. पाचव्या पावलाला एक ढीग पडला. मग काहीच नाही. मग पुन्हा ढीग. अंगणाच्या टोकाला जाऊन तो वळला आणि आपल्या रेघेकडं पाहत उभा राहिला.

"व्हती तव्हा बराबर व्हती," तो म्हणाला. "आता खरंच गेली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला पाहवेना. मी खाली बसलो आणि ढिगातले दाणे बोटानं मोकळ्या जागेत सारून सारखे करायला लागलो.

"हात नको लावू," सर्जेराव म्हणाला. तो परत आला, सुपात वाकला, दुसरी मूठ भरली, आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागला. मी हात दुसऱ्या हातात धरला आणि ओट्यावर जाऊन बसलो.